हर्पिस : जोडीदाराला जपण्याचे चार मार्ग

उपनगरी रेल्वेच्या डब्यांत चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठ्या भाईंदर आणि मीरा रोडच्या प्रवाशांना नव्या नाहीत. ‘गुप्तरोगावर काही दिवसांत खात्रीशीर इलाज’ असे त्यांवर छापलेले असते आणि खाली एक मोबाइल क्रमांक असतो. गुप्तरोगांवरील इलाजाची अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्या’ने बंदी आहे. तरीही चिठ्ठ्या येतात, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळते. ज्या आजारांविषयी घरात बोलता येत नाही आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे जायची लाज वाटते, त्या आजारांचा रुग्ण अशा क्रमांकाकडे वळतो.

जननेंद्रियांचा हर्पिस हा त्यांपैकीच एक आजार. त्याच्या बाबतीत ही जाहिरात सरळसरळ खोटी ठरते. हर्पिसचा विषाणू शरीरातून कायमचा घालवणारे औषध आजवर कोणत्याही वैद्यकशास्त्राला सापडलेले नाही. मात्र या सत्याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. आजार बरा होत नसला, तरी तो जोडीदाराला होण्याचा धोका बराच कमी करता येतो. त्यासाठीचे उपाय साधे आहेत, बहुतांश स्वस्तही आहेत. त्यांतील सर्वांत स्वस्त उपाय मात्र सर्वांत अवघड आहे. तो म्हणजे जोडीदाराला खरे सांगणे.

नागीण वेगळी, हा हर्पिस वेगळा

मराठी घरांत ‘हर्पिस’ म्हटले की अनेकांना नागीण आठवते. दोन्हींत फोड येतात, दोन्हींत आग होते आणि दोन्हींच्या इंग्रजी नावात ‘हर्पिस’ हा शब्द आहे. येथेच पहिला घोटाळा होतो. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर तो विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि पुढे कधीतरी कमरेवर, छातीवर किंवा चेहऱ्यावर पट्ट्यासारखा उमटतो. तिचा शरीरसंबंधाशी संबंध नाही.

येथे ज्याचा विचार करायचा आहे तो ‘हर्पिस सिम्प्लेक्स’. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मुख्यतः तोंडाशी निगडित. तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे फोड हे त्याचेच काम. दुसरा प्रकार प्रामुख्याने जननेंद्रियांवर आढळतो आणि शरीरसंबंधातून पसरतो. मात्र ही विभागणी काटेकोर नाही. ओठावर फोड असताना मुखमैथुन झाल्यास पहिला प्रकारही जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो.

हा आजार दुर्मीळ असल्याची समजूतही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात २०२० ची स्थिती मांडली. त्यानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४ कोटी ६० लाख व्यक्तींना जननेंद्रियांच्या हर्पिसचा संसर्ग होता. म्हणजे जगात या वयातील पाचांमागे एकाहून अधिक. त्यांतील सुमारे ५२ कोटींना दुसऱ्या प्रकाराची लागण होती. यातील बहुसंख्य लोकांना आपल्याला संसर्ग झाल्याचे ठाऊकच नसते. कोणाला फोड येतच नाहीत, तर कोणी त्यांना घामोळे, खरचटणे किंवा बुरशीचा संसर्ग समजून विसरून जातो.

फोड गेले, विषाणू राहिला

संसर्ग झाल्यानंतर साधारण २ ते १२ दिवसांत पहिली लक्षणे दिसू शकतात. बारीक पाणीदार फोड, ते फुटून झालेले दुखरे व्रण, लघवी करताना जळजळ, जांघेत गाठी आणि कधी ताप. दोन-चार आठवड्यांत व्रण भरून येतात. विषाणू मात्र जात नाही. तो मज्जातंतूंच्या मार्गाने पाठीच्या कण्याच्या खालच्या भागालगत असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांत जाऊन बसतो आणि तेथे आयुष्यभर सुप्त राहतो. अधूनमधून तो त्याच वाटेने पुन्हा त्वचेवर येतो. अशा वेळी कधी फोड उठतात, तर कधी काहीच दिसत नाही.

हे ‘काहीच दिसत नाही’ प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दुसऱ्या प्रकाराची लागण असलेल्यांच्या जननेंद्रियांवरील नमुने रोज तपासण्यात आले. ज्यांना कधीतरी फोड आले होते, त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच लक्षण जाणवले नव्हते, त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी तो सापडला. त्याआधी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४४ जोडप्यांच्या अभ्यासात, एकाला हर्पिस आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांवर जवळपास वर्षभर लक्ष ठेवले गेले. त्यांतील १४ जोडीदारांना लागण झाली आणि बहुतेकांच्या बाबतीत ती फोड नसतानाच्या संबंधातून झाली. पुरुषाला आजार असताना स्त्रीला लागण होण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, तर स्त्रीला आजार असताना पुरुषाला होण्याचे सुमारे ४ टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ‘फोड नाहीत म्हणजे धोका नाही’ हा समज निराधार आहे. दोन, प्रत्येक जोडीदाराला लागण होतेच असे नाही. बहुसंख्य जोडीदार त्या वर्षात संसर्गाविना राहिले. खबरदारी घेतल्यास ही शक्यता आणखी घटते.

पहिला मार्ग : फोडांच्या दिवसांत दुरावा

फोड किंवा व्रण असताना विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यामुळे त्या काळात योनी, गुदद्वार किंवा मुख, कोणत्याही मार्गाने संबंध टाळणे हा पहिला नियम. निरोध वापरूनही या दिवसांत संबंध ठेवू नयेत. अनेकांना फोड येण्याआधी काही तास ते एक-दोन दिवस सूचना मिळते. त्या जागी मुंग्या येतात, खाज किंवा जळजळ होते, कधी नितंबात वा पायात कळ येते. दुरावा त्या सूचनेपासूनच पाळायचा आणि खपल्या गळून खालची त्वचा पूर्ववत होईपर्यंत पाळायचा. ओठावर फोड असताना चुंबन आणि मुखमैथुन दोन्ही टाळावेत. व्रणाला हात लागल्यास साबणाने धुवावा आणि तो हात डोळ्यांना लावू नये.

संडासाचे भांडे, पोहण्याचा तलाव, घरातील बादली यांतून हा आजार पसरत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही. छोट्या घरात एकत्र राहणाऱ्या कुटुंबात रुग्णाची वेगळी भांडी किंवा वेगळे अंथरूण करण्याचे काही कारण नाही.

दुसरा मार्ग : निरोध, तोही नेहमी

निरोध हर्पिसपासून एड्सइतके संरक्षण देत नाही, कारण तो जेवढी त्वचा झाकतो त्याबाहेरही विषाणू असू शकतो. तरीही त्याचा उपयोग निश्चित आहे. सहा अभ्यासांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, प्रत्येक वेळी निरोध वापरणाऱ्यांना दुसऱ्या प्रकाराची लागण होण्याचा धोका कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. २०१६ मध्ये आफ्रिकेतील जोडप्यांवर आधारित विश्लेषणात प्रत्येक संबंधागणिक हिशेब मांडला गेला, तेव्हा पुरुषाकडून स्त्रीला होणारा प्रसार ९६ टक्क्यांनी, तर स्त्रीकडून पुरुषाला होणारा ६५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडे वेगळे आहेत, पण दिशा एकच आहे. ज्या घरात पुरुषाला हर्पिस आहे, तेथे निरोधाचा लाभ पत्नीला अधिक मिळतो.

येथे घरोघरी होणारी एक चूक सांगायला हवी. खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लावल्यास रबरी निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. वंगण हवेच असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे पाण्याच्या आधाराचे जेल वापरावे.

तिसरा मार्ग : रोजची गोळी

असायक्लोव्हिर हे हर्पिसवरील मूळ औषध. त्याच्या शोधाशी जोडलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याचेच सुधारित रूप म्हणजे व्हॅलासायक्लोव्हिर. ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. फोड आल्यावर काही दिवस घेतल्यास ते लवकर भरतात. रोज घेतल्यास फोड कमी वेळा येतात आणि फोड नसतानाचा विषाणूचा वावरही घटतो.

यामुळे जोडीदाराला खरोखर संरक्षण मिळते का, याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. १,४८४ जोडप्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बाधित जोडीदारांपैकी निम्म्यांना आठ महिने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधरहित गोळी देण्यात आली. निरोधाविषयीचा सल्ला दोन्ही गटांना होता. औषधरहित गटात ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, औषधाच्या गटात १.९ टक्के. म्हणजे धोका जवळपास निम्म्यावर आला. लक्षणांसह लागण होण्याचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर उतरले.

ही दोन्ही औषधे भारतात मिळतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तींमध्ये असायक्लोव्हिरने जोडीदाराला होणारा हर्पिसचा प्रसार घटल्याचे चाचणीत दिसले नाही, त्यामुळे त्यांनी आपल्या उपचार केंद्रातील डॉक्टरांशी स्वतंत्र चर्चा करावी. दुकानदाराने सुचवलेले मलम लावून जोडीदाराचे संरक्षण होत नाही.

चौथा मार्ग : खरे सांगणे

समजा, मीरा रोडच्या एका वसाहतीत राहणाऱ्या नवविवाहित तरुणाला लग्नाच्या दोन वर्षे आधी असे फोड येऊन गेले होते. आता ते पुन्हा आले आहेत. तो पत्नीला ‘बरे वाटत नाही’ म्हणतो, पाठ फिरवून झोपतो, आठवड्याने सारे पूर्ववत होते. तीन महिन्यांनी तेच. पत्नीला वाटते, आपले काही चुकले. त्याला वाटते, गप्प राहून आपण तिला वाचवतो आहोत. प्रत्यक्षात तिला धोक्याचे दिवस कळत नाहीत, निरोधाचा आग्रह धरता येत नाही आणि स्वतःच्या शरीरात बदल दिसला, तर डॉक्टरांना काय सांगावे हेही उमगत नाही.

गप्प राहण्याची किंमत मोजली गेली आहे. नव्याने लागण झालेल्या सुमारे २०० जणांचा अमेरिकेतील एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जोडीदाराने आजाराची कल्पना दिली नव्हती, त्यांना लागण होण्यास लागलेला मध्यक काळ ६० दिवसांचा होता. ज्यांच्या जोडीदाराने आधी सांगितले होते, त्यांच्यात तो २७० दिवसांचा होता. सांगण्याने विषाणू मरत नाही. परंतु दोघे मिळून दिवस पाहतात, निरोध वापरतात, आणि संसर्ग लांबतो.

सांगण्याची भीती मात्र खोटी नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून आजही नमूद आहे. सासर, माहेर, सोसायटीतील कुजबुज यांचे ओझे त्याहून मोठे असते. स्त्री रुग्णाच्या वाट्याला तर पहिला प्रश्न चारित्र्याचाच येतो. म्हणूनच एक वैद्यकीय वस्तुस्थिती प्रत्येक जोडप्याला ठाऊक असायला हवी. संसर्ग झाल्यानंतर पहिले फोड काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही दिसू शकतात. त्यामुळे लग्नानंतर कोणा एकाला पहिल्यांदा फोड आले, एवढ्यावरून बाहेरख्यालीपणा सिद्ध होत नाही. हा संसर्ग कोणी कोणाला आणि केव्हा दिला, हे बहुतेक वेळा कोणतीही तपासणी सांगू शकत नाही.

सांगताना वेळ निवडावी. शरीरसंबंधाच्या क्षणी किंवा भांडणात हा विषय काढू नये. ‘मला हा आजार आहे, तो आयुष्यभर राहतो, पण जीवघेणा नाही आणि तुला तो होऊ नये म्हणून या गोष्टी करता येतात’, एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. घरात एकांत नसेल, तर डॉक्टरांसमोर किंवा समुपदेशकासमोर दोघांनी एकत्र बसणे सोपे जाते. विवाह ठरत असेल, तर हे बोलणे लग्नाआधीच व्हायला हवे.

तपासणी कोणी करावी?

ताजा फोड असेल, तर पहिल्या काही दिवसांतच त्यातील स्राव घेऊन केलेली पीसीआर तपासणी सर्वांत विश्वासार्ह. व्रण सुकल्यावर तिचा उपयोग घटतो. फोड नसताना रक्तातील प्रकारनिहाय ‘आयजीजी’ तपासणी उपयोगी पडते, परंतु लागणीनंतर ती होकारार्थी येण्यास १२ आठवड्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो आणि सीमेवरचे निकाल फसवे असतात. ‘आयजीएम’ तपासणीवर मात्र निदान करू नये. आपल्याकडे गरोदरपणात सर्रास होणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीत ती असते आणि तिच्या एका ओळीने घरात विनाकारण वादळ उठते.

बाधित व्यक्तीच्या जोडीदाराने आयजीजी तपासणी करून घेण्यात अर्थ आहे. त्यालाही त्याच प्रकाराची लागण आधीच झालेली असल्याचे ठरले, तर दोघे एकमेकांना तोच संसर्ग पुन्हा पुन्हा देत बसत नाहीत आणि चिंतेचे मोठे कारण संपते. सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी मात्र प्रत्येक जननेंद्रिय-व्रणात करून घ्यावी, कारण सिफिलिसही व्रणानेच सुरू होतो आणि तो पूर्ण बरा होतो.

एचआयव्हीचा संदर्भ महाराष्ट्राला परका नाही. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळात आलेल्या, एचआयव्ही नसलेल्या २,७३२ रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ४३ टक्क्यांना हर्पिसच्या दुसऱ्या प्रकाराची लागण आधीच होती. ज्यांना ती नुकतीच झाली होती, त्यांना एचआयव्हीची बाधा होण्याचा धोका लागण नसलेल्यांच्या जवळपास चौपट आढळला. व्रणामुळे त्वचेची भिंत उघडी पडते आणि एचआयव्ही ज्या पेशींना पकडतो, त्या पेशी तेथे गोळा होतात. जोडीदाराला हर्पिसपासून जपणे हे म्हणूनच केवळ फोडांपासून जपणे नव्हे.

मूल हवे असेल तर

लग्नाला वर्ष होत नाही तोच नातेवाईकांची विचारणा सुरू होते. निरोध वापरला तर मूल कसे होणार, हा प्रश्न मग उभा राहतो. अशा वेळी बाधित जोडीदाराने रोजची गोळी सुरू ठेवणे, फोडांच्या आणि त्यांच्या पूर्वसूचनेच्या दिवसांत दुरावा पाळणे आणि केवळ गर्भधारणेस अनुकूल दिवसांत निरोधाविना संबंध ठेवणे, असा मार्ग डॉक्टरांच्या सल्ल्याने काढता येतो.

गर्भ राहिल्यानंतर काळजीचे स्वरूप बदलते. मातेला आधीपासून हर्पिस असल्यास बाळाला धोका अल्प, एक टक्क्याहून कमी असतो. तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे बाळालाही मिळतात. खरा धोका प्रसूतीच्या जवळ पहिल्यांदा लागण झाली तर असतो. तेव्हा बाळाला संसर्ग होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के सांगितली जाते आणि नवजात बाळाचा हर्पिस प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पतीला हर्पिस आणि पत्नीला नाही, अशा जोडप्याने शेवटच्या तीन महिन्यांत योनीसंबंध व मुखमैथुन टाळावेत. पतीच्या ओठावर फोड येत असतील, तरीही हा नियम लागू आहे. पत्नीलाच हर्पिस असेल, तर प्रसूतितज्ज्ञांना आधी सांगावे. ३६ व्या आठवड्यापासून औषध दिले जाते आणि कळा सुरू होताना व्रण असल्यास शस्त्रक्रियेने प्रसूती केली जाते. हे लपवल्यास डॉक्टरांच्या हातात काही राहत नाही.

मदत कोठे मिळेल?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात. तेथे तपासणी, औषधे आणि समुपदेशन विनामूल्य मिळते. या कार्यक्रमात रंगांवरून ओळखले जाणारे औषधसंच ठरवले गेले आणि हर्पिसच्या व्रणांसाठी असायक्लोव्हिरचा लाल संच नेमला गेला. जवळचे केंद्र कोठे आहे, हे १०९७ या विनामूल्य मदत क्रमांकावर विचारता येते. भाईंदर पश्चिमेस भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, तेथेही चौकशी करता येईल. ज्यांना आपल्या शहरात ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती वाटते, त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रलजवळील नायर, परळचे केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय येथे त्वचा व गुप्तरोग विभाग आहेत. रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्याला ते दूर नाहीत.

हर्पिसवर प्रतिबंधक लस अद्याप उपलब्ध नाही. तोवर दुरावा, निरोध, गोळी आणि संवाद हे चारच मार्ग हाती आहेत. त्यांतील कोणताही एकटा पुरेसा नाही. चारही एकत्र पाळल्यास कित्येक जोडपी वर्षानुवर्षे एकाच्या आजाराचा संसर्ग दुसऱ्याला न होऊ देता संसार करू शकतात. डब्यातील चिठ्ठीवरचा क्रमांक फिरवण्याआधी शेजारी झोपणाऱ्या माणसाशी बोलावे, हा सल्ला ऐकायला साधा वाटतो. पण दुरावा केव्हा पाळायचा, निरोध का वापरायचा आणि गोळी कशासाठी, हे दोघांना ठाऊक असेल तरच उरलेले तीन मार्ग उपयोगी पडतात.